टाकून दिलेला चीक

बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस आईच्या छातीत जो घट्ट, पिवळसर चीक येतो, तो आमच्या भागात बाळाला देत नाहीत. तो पिळून राखेत टाकतात आणि ती राख उकिरड्यावर. माझ्या मामेबहिणीचा चीक असा टाकला जात होता तेव्हा मी शेजारी बसले होते. तो कुठून येतो, किती खटपटीनं येतो, हे मला त्या वेळी ठाऊक होतं. ठाऊक असून गप्प बसणं मला जमत नाही. आमच्या घराचं वळणच तसं.

आमचं घर लोणावळ्याला, रेल्वेच्या चाळीत. वडील शेडमध्ये फिटर होते. घाटात गाडीला मागून रेटणारी इंजिनं त्यांच्या हाताखालून जायची. संध्याकाळी ते युनियनची पत्रकं घरी आणत, आणि मी अक्षरं त्यांवरच गिरवली. शाळेच्या पुस्तकातलं ‘कमळ’ वाचण्याआधी मला ‘मागणी’ वाचता येत होतं. पत्रकात एक गोष्ट बरी असते. अन्याय कोणता, तो कोण करतं आणि आता काय करायचं, हे सगळं एका पानात सांगावं लागतं. घोळ घालायला जागाच नसते. पुढं मोठी पुस्तकं वाचली, पण मनाची ठेवण पत्रकाचीच राहिली.

पुण्याच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेतलं होतं. मामेबहीण बाळंत झाली त्याच वर्षी सरांनी पेशीतून प्रथिनं बाहेर कशी जातात ते शिकवलं. फळ्यावरची ती आकृती पाहताना मला जे वाटलं ते पहिला मोर्चा पाहताना वाटलं होतं. डोळ्याला न दिसणाऱ्या एवढ्याशा पेशीत इतकी शिस्त, इतकं काम!

सर म्हणाले, पेशीत प्रथिनं बारीक कणांवर विणली जातात. त्यांतली काही पेशीतच राबायची असतात, काही बाहेर जायची असतात. मग पेशीला हे कळतं कसं? बाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या अगदी सुरुवातीच्या तुकड्यात एक खूण असते, असं नुकतंच कुणीतरी मांडलं होतं. विणकाम चालू असतानाच ती खूण पडद्याला जाऊन चिकटते. प्रथिन पुरं होता होता पडद्याच्या आतल्या पोकळीत सरकतं, तिथं त्याची नीट घडी बसते आणि ती खूण कापून टाकली जाते. मग पडद्याचाच एक फुगवटा तुटतो, त्याची इवलीशी पिशवी होते, आणि त्या पिशवीतून प्रथिन पुढच्या मुक्कामाला निघतं. हा मुक्काम म्हणजे एकावर एक रचलेल्या चपट्या पिशव्यांची चळत. प्रथिन तिच्या एका बाजूनं आत शिरतं आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतं. मधल्या वाटेत काहींना साखरेचे कण जोडले जातात, काहींचे काढले जातात, आणि शेवटी निवड होते. पेशीचा स्वतःचा कचरा पचवणाऱ्या कोठीत कुणी जायचं, पेशीच्या पडद्यावर कुणी बसायचं आणि थेट बाहेर कुणी पडायचं, ते इथं ठरतं. बाहेर जाणारा माल पुन्हा पिशव्यांत भरला जातो. पिशव्या पेशीच्या कडेला येतात, त्यांचा पडदा पेशीच्या पडद्यात मिसळतो आणि माल बाहेर सांडतो. पेशीला भोक पडत नाही, एक थेंब भलतीकडे जात नाही.

सरांनी उदाहरण दिलं ते स्वादुपिंडाचं. मी उभं राहून विचारलं, दुधाचंही असंच असतं का? ते म्हणाले, हो, तसंच. मी विचारलं, आणि बाळंतिणीच्या पहिल्या चिकाचं? मागच्या बाकांवर मुलं हसली. सरांनी फळा पुसायला घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, ते आपल्याला अभ्यासाला नाही, घरी आईला विचारा.

आईला काय विचारायचं होतं? माझ्या वेळी तिनंही तो टाकलाच असणार. मी ग्रंथालयात गेले. चिकात रोगाशी लढणारी प्रथिनं दाटीनं भरलेली असतात, असं तिथं वाचलं. स्तनातल्या पेशी त्यांतली बरीचशी स्वतः विणत नाहीत. शेजारच्या दुसऱ्या पेशी ती बनवून बाहेर टाकतात. मग स्तनातली पेशी ती आपल्या पाठीमागच्या बाजूनं उचलते, पिशवीत घालून आपल्या अंगातून आरपार नेते आणि पुढच्या बाजूला, दुधाच्या वाटेवर सोडते. या बाजूनं घ्यायचं, त्या बाजूला सोडायचं, आणि तिसरीकडं कुठंही जाऊ द्यायचं नाही. आईनं जे जे रोग पाहिले असतील त्यांची ओळख त्या प्रथिनांत असते, आणि सगळ्यात जास्त ती पहिल्याच दिवसांत असतात. म्हणजे सगळी वाट, सगळी निवड, सगळा पत्ता बाळाचा. आणि माल राखेत.

हे डोक्यात घेऊन मी दिवाळीच्या सुट्टीत वडिवळ्याला मामाकडं गेले. भातकापणी चालू होती, मामा दिवसभर खाचरात. घरात मामी आणि ताई. ताई म्हणजे मामाची थोरली लेक, बाळंतपणाला आलेली. हे तिचं दुसरं. पहिला मुलगा महिना-दीड महिन्याचा होऊन हगवणीनं गेला होता. त्यानंतर ताई बोलायची कमी झाली होती. पोट केवढं झालं, लाथ मारतं का, असं कुणी विचारलं तर ती उठून गोठ्यात जायची. ते पहिलं लेकरू गेलं तसं हेही जाईल, एवढी एकच भीती त्या घरात होती, आणि तिचं नाव कुणी काढत नव्हतं.

मी गेले त्याच दिवशी सकाळी म्हैस व्याली आणि दुपारी ताई. मुलगी झाली.

म्हशीचं आधी सांगते. रेडकू धडपडत उभं राहिलं तशी मामी त्याला ढकलत कासेशी घेऊन गेली. ते थानं सोडून भलतीकडंच तोंड घालत होतं. मामीनं थान बोटांत धरून त्याच्या तोंडात दिलं आणि ते चुपूचुपू प्यायला लागल्यावरच तिच्या जिवात जीव आला. ‘‘आधी त्याला पिऊ दे. पैला चीक पोटात न्हाई गेला तर रेडकू टिकत न्हाई,’’ ती मला म्हणाली. उरलेला चीक तिनं चरवीत काढून खरवसाला ठेवला.

संध्याकाळी आतल्या खोलीत सुईण ताईचा चीक पिळत होती. तिला सगळा गाव मावशी म्हणतो, मीही म्हणते. समोर परातीत चुलीतली राख. बाजूला मामी बाळाच्या तोंडात गुळाच्या पाण्यात भिजवलेला बोळा धरून बसलेली. बाळ बोळा चोखायचं, सोडायचं आणि रडायचं. ताई भिंतीकडं बघत होती.

मी विचारलं, मावशी, हे टाकता कशाला? मावशी म्हणाली, नासकं असतंय ते, नऊ महिन्यांचं साठलेलं. मी म्हटलं, साठलेलं नाही, ताजं आहे, आणि लेकरासाठीच झालेलं आहे. मग मी फळ्यावरची सगळी आकृती त्यांना शब्दांत सांगू लागले. विणकाम, खूण, पिशव्या, चळत, निवड. मामी मध्येच म्हणाली, ‘‘हिच्या छातीत पिशव्यांचं दुकान हाय व्हय?’’ ताईसुद्धा जरा हसली.

मी चिडून म्हटलं, सकाळी रेडकाला का पाजला मग?

‘‘रेडकाला चार पाय हायेत,’’ मावशी म्हणाली. ‘‘जन्मल्या जन्मल्या उभं ऱ्हातं. तुझ्या भाचीला मान तरी धरता येती का?’’

आणि मग तिनं जे केलं ते मी विसरणार नाही. हात धुऊन ती चुलीपाशी गेली, चरवीतला म्हशीचा थोडा चीक वाटीत घेतला आणि वाटी निखाऱ्यावर ठेवली. बघता बघता कडेनं तो धरायला लागला आणि थोड्या वेळात घट्ट झाला. तिनं वाटी पालथी केली. गोळा जागचा हलला नाही.

‘‘हात लाव. म्हशीचं दूध तापवलं तर असं हुतं का? न्हाई हुत. चिकाचंच हुतंय. बाईचा चीक बी तसलाच. लेकराच्या पोटात खरवस बसला म्हंजी आतडं बंद.’’

‘‘पोटात चूल नसते, मावशी.’’

‘‘मग भूक लागल्यावर आग कशाची पडती?’’

यावर मामी खो खो हसली आणि माझी बाजू हरली.

पण मला राग आला तो मावशीचा नाही. तिचं निरीक्षण अगदी खरं होतं. चीक तापवला की गोठतो, कारण त्यात प्रथिनं भरपूर असतात आणि उष्णतेनं त्यांच्या घड्या उलगडून ती एकमेकांत गुंततात. म्हणजे ज्या गोष्टीमुळं तो बाळाला हवा, तीच गोष्ट ती बाई मला वाटी पालथी करून दाखवत होती. फक्त अंगाची ऊब आणि निखारा यांत किती अंतर आहे, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते फळा पुसत होते. गावातल्या बायका अडाणी, असं म्हणणारे लोक मला भेटतात तेव्हा मी त्यांना विचारते, त्यांना अडाणी ठेवण्याचा पगार कोण घेतं?

मामी म्हणाली, डाक्टर म्हनंल तर बघू. ते मी उचललं. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाले, चालत कामशेत आणि तिथून गाडीनं लोणावळा. बाजारपेठेतल्या एका डॉक्टरांकडं गेले. मोठं नाव असलेले, बंगल्यावाल्या मुंबईकरांना तपासणारे. त्यांच्या टेबलावर दुधाच्या पावडरीचा डबा होता, वर गुबगुबीत बाळाचं चित्र. भिंतीवर त्याच बाळाचं कॅलेंडर.

मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, दोन ओळी लिहून द्या, नाहीतर कुणाबरोबर निरोप तरी द्या की चीक पाजा. ते म्हणाले, दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, लोकांच्या रूढी कशाला दुखवायच्या? नंतर दूध येईलच. तोवर हा डबा न्या, पाणी उकळून घ्या.

कुठलं पाणी? मी विचारलं. वडिवळ्यात ओढ्याचं पाणी पितात. कापणीच्या दिवसांत सरपण भात शिजवायलाही पुरत नाही, तर बाळाच्या पाण्याला कोण जाळणार? त्यांनी खांदे उडवले. मग मी विचारलं, चिकात काय असतं ते तुम्हाला माहीत नाही का?

‘‘माहीत आहे ना,’’ ते हसून म्हणाले. ‘‘ते चांगलंच असतं. पण तुम्ही अजून लहान आहात. लग्न झालं की कळेल, घरात असल्या गोष्टींत बोलायचं नसतं.’’

त्यांना माहीत होतं. हे मला आजही सहन होत नाही. माहीत नसतं तर मी त्यांना शिकवलं असतं, भांडले असते. माहीत असून जो माणूस डबा पुढं सरकवतो, त्याच्याशी भांडायला शब्द कुठले आणायचे? डबा मी टेबलावरच ठेवला आणि निघाले. शेडजवळून जाताना वडिलांना भेटावंसं वाटलं, पण गाडी चुकली असती.

दुपार कलता कलता वडिवळ्यात पोचले. मावशी राखेची परात घेऊन नुकतीच आली होती. ताईची छाती ताठरून दुखत होती, आणि बाळ आता रडायचंही कमी झालं होतं. गुळाचं पाणी तोंडातून ओघळत होतं. मी खोलीच्या उंबऱ्यात बसले आणि म्हटलं, आज राख आत जाणार नाही.

मामीला मी हे काय करते आहे तेच कळेना. डाक्टरनं लिहून दिलं का, तिनं विचारलं. नाही म्हणून सांगितलं. तो हो म्हणाला आणि तरी काही करणार नाही म्हणाला, हेही सांगितलं. मावशी म्हणाली, बघा, डाक्टरला बी कळतंय. मला वाटलं मामी माझा दंड धरून उठवणार. पण तिनं एकदा आत बाळाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि थकल्यासारखं म्हणाली, ‘‘पोरगा असता तर हितं बसू दिली नसती तुला. पोरगीच हाय. घे करून तुझं कालेज.’’

जिंकले होते मी. पण कशानं? फळ्यानं नाही, पुस्तकानं नाही, वादानंही नाही. एका जिवाची किंमत कमी धरली म्हणून त्याच्यावर प्रयोग करायला मला मोकळीक मिळाली होती. माझा संताप झाला.

बोलली ती ताई. आतून, हळू आवाजात.

‘‘आई, पैला पोरगाच व्हता. त्याला जपलंच व्हतं की आपण.’’

 मामी खाली बसली. ताईनं बाळ उचललं, कूस बदलली आणि त्याला छातीशी घेतलं. बाळाला ते जमेना. जीभ भलतीकडं, तोंड भलतीकडं. ताईला रेडकाची आठवण झाली असावी, तिनं बोटांत धरून त्याच्या तोंडात दिलं. आणि मग बाळाचा गाल आत गेला, पुन्हा आत गेला. मावशीनं परात उचलली आणि ती बाहेर निघून गेली.

मुलगी जगली. त्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला ठाऊक आहे. एका बाळावरून शास्त्र होत नसतं. पण एका बाळाचं चुकीचं करायला मात्र कुणाला पुरावा लागत नाही, हेही मी पाहिलं.

सुट्टी संपल्यावर मी याचं पत्रक लिहिलं. एक पान. चीक म्हणजे काय, तो कुठून येतो, वाटीत का गोठतो आणि पोटात का गोठत नाही. वडिलांच्या युनियनच्या छपाईवर ते फुकट निघालं असतं. तिथल्या पुढाऱ्यांनी ते वाचलं, कागद उलटा करून ठेवला आणि विचारलं, पोरी, यात वर्ग कुठं आहे? मी म्हटलं, ज्या घरात पावडरीचा डबा येऊ शकत नाही त्या घरात आहे. ते म्हणाले, विषय चांगला आहे, पण ‘छाती’ हा शब्द आपल्या पत्रकात कसा घालणार? लोक हसतील. सरांच्या वर्गातली मुलं आठवली. बोनसवर, भाववाढीवर, साऱ्या जगाच्या क्रांतीवर छापायला पुढाऱ्यांकडं शाई होती. वडील त्या दिवशी माझ्या बाजूनं बोलले, पण बाजूनं दुसरं एकही मत पडलं नाही. ते पत्रक मी हातानं उतरवून काढलं आणि जमेल तिथं वाचून दाखवलं. वडिवळ्यातही.

पुढच्या वर्षी मामाच्या सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, बाळ झालं. तिला आई नव्हती म्हणून ती बाळंतपणाला सासरीच राहिली. मुलगा झाला. मी पोचले तेव्हा घरात पेढे होते, आणि मध आणला होता मुद्दाम मंचरहून. मावशी आली होती. राख चाळून ठेवली होती. मी मामीला म्हटलं, मामी, ताईची पोर बघा, अंगणात रांगते आहे. मामी म्हणाली, ‘‘तिचं येगळं. ह्यो पोरगा हाय, ह्येच्याशी खेळ नको.’’ म्हणजे गेल्या वर्षी जी गोष्ट मुलीवर करून पाहिली आणि नीट झाली, ती आता मुलाला द्यायची नाही. मुलगा जास्त मोलाचा, म्हणून त्याला मध आणि ओढ्याचं पाणी. असलं गणित कुठल्या शाळेत शिकवतात?

मी वहिनीकडं पाहिलं. तिला मी सगळं सांगितलं होतं, पोटुशी असताना दोनदा. तिला ते पटलंही होतं. पण ताई त्या घरची लेक होती, आईच्या तोंडावर बोलू शकली. वहिनी सून. तिनं मान खाली घातली आणि मावशीपुढं पदर बाजूला केला. पहिल्या दिवशीचा चीक राखेत गेला. मी वाद घातला, मामीनं मला पाणी आणायला धाडलं.

ताई वहिनीच्या बाळंतपणासाठी आपल्या सासरहून, कोलव्याहून, आधीच आलेली होती. पण इतका वेळ ती मध्ये पडली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सुपात तांदूळ घेतले आणि निवडायला आतल्या खोलीच्या दारात बसली, असं की तिला ओलांडल्याशिवाय आत जाता येऊ नये. मावशीला म्हणाली, वहिनीला आत्ताच डोळा लागलाय, मागनं या. आत वहिनी जागी होती. बाळ तिच्या कुशीत पीत होतं. मी बाहेर उभी राहून हे सगळं बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, कारण यात चोरी कसली होती? तिचंच लेकरू, तिचंच दूध.

मामी अंगणात आली की ताई खोकायची, आणि आत वहिनी घाईनं पदर ओढून घ्यायची.